कुणाच्या कांजिण्या, कुणाच्या अंगात

दवाखान्यातले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पेशंट चप्पल घालून निघून जातो आणि त्याची गोष्ट बाकावरच बसून राहते! नव्वदीच्या दशकात नेरूळला, सारसोळे गावाला लागून, माझा एका गाळ्याचा दवाखाना होता. मी आणि कंपाउंडर म्हात्रेकाका, एवढाच स्टाफ. हसण्यासारखंही पुष्कळ घडलं. पण चारजणांत बसलं की मला आठवतात ते किस्से वेगळेच.

*

न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारा एक ड्रायव्हर आला. उजव्या हातावर चामखिळीच चामखिळी! मी बोट टेकवत मोजायला लागले, तेवढ्यात मागून म्हात्रेकाका पुटपुटले, "बाय, मोजू नको. मोजल्या का वारतान!"

"मोजल्यानं कशा वाढतील, काका? हा व्हायरस आहे. त्याला आकडे कळत नाहीत."

अकरा भरल्या. पुढच्या आठवड्यात ये, जाळून टाकू, म्हटलं तर पठ्ठ्या उगवला तीन महिन्यांनी. हात एकदम स्वच्छ! शरीरानं विषाणूला हुसकावलं की चामखिळी अशा आपोआप झडतात, हे मला ठाऊक होतं. मी त्याचा हात उलटसुलट करून बघत होते. तो मात्र माझ्या बोटाकडे बघत होता. भाजी चिरताना कापलेल्या जागी तिथे एक टणक दाणा वर आला होता.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुम्हीच मोजून घेतल्या ना!"

*

एका वर्षी डोळ्यांची साथ आली. अ‍ॅडिनो जातीचा विषाणू. हातावरून, टॉवेलवरून, दाराच्या कडीवरून फिरणारा. आमच्या सोसायटीची मीटिंग होती. मी उशिरा गच्चीवर पोचले, तर तीसेक माणसं काळे गॉगल लावून गप्प बसलेली. एक चेहरा ओळखू येईना! सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"या डॉक्टर," सेक्रेटरी म्हणाले, "तुमचीच सही राहिलीय. आणि पेन जपून वापरा, सगळ्यांत मिळून एकच आहे."

*

समोरच्या बिल्डिंगमधले राणे, मालवणकडचे, रिटायर्ड. त्यांच्या कमरेला नागीण झाली. नागिणीची दोन तोंडं भेटली की माणूस जातो, म्हणून रोज सकाळी टेप लावून मोजायचे! मी समजावलं, "लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसेत झोपून राहतो. म्हातारपणी उठतो आणि त्याच नसेवरून बाहेर येतो, एकाच बाजूला. तोंडं कशी भेटतील?"

राणे बरे झाले. पण दोन आठवड्यांनी त्यांच्या चार वर्षांच्या नातीला कांजिण्या!

"ह्या माझ्याच?" त्यांनी विचारलं.

"हो. तुमच्या फोडांतल्या पाण्यातून गेल्या."

राणे विचारात पडले. "मला गावच्या बाबल्याकडून आल्या होत्या. शाळेत शेजारी बसायचा." मग आवाज उतरला. "तो त्याच तापात गेला हो."

आम्ही दोघंही पोरीच्या पाठीवरच्या फोडांकडे बघत राहिलो.

"म्हणजे ह्या बाबल्याच्या," राणे म्हणाले.

*

घणसोली गावात भाड्यानं राहणारा एक तरुण नोकरीच्या मेडिकलमध्ये अडकला. रक्तात हिपॅटायटिस बी! गडी मात्र ठणठणीत, पन्नास किलोचं पोतं सहज उचलणारा. मी घरच्या सगळ्यांचं रक्त मागवलं. आई, दोन भाऊ, एक बहीण. लॅबवाल्याचा फोन आला, "मॅडम, एकाच माणसाचं रक्त सगळ्या बाटल्यांत भरलंय का? सगळे सारखेच आलेत!"

बाळंतपणात आईकडून लेकरांत उतरतो हा विषाणू, आणि वर्षानुवर्षं हूं का चूं करत नाही. मी हे सांगितलं तेव्हा आई रडली नाही. म्हणाली, "थोरला पोट फुगून गेला. करणी केली म्हणून मी जावेला दहा वर्षं शिव्या घातल्या."

मग उठली. "बाई, तिच्या घरी जाऊन येते."

*

कुसुम साताऱ्याकडची, चाळिशीतली. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी. तिच्या उजव्या बरगडीखाली नागीण उठली होती. सोबत गावाहून आलेली आई होती. मी म्हटलं, लहानपणी हिला कांजिण्या झाल्या असणार.

"न्हाई," आई म्हणाली. "हिच्या जुळ्या बहिणीला झाल्या हुत्या, सुमीला. ही तवा आजोळी हुती."

माझी प्रॅक्टिस नवीन होती, ज्ञानाची भारी घमेंड! "मावशी, कांजिण्या झाल्याशिवाय नागीण होतच नाही. हिला झालेल्याच असणार."

आईचा चेहरा उतरला. मी विचारलं, "सुमी कुठे असते?"

"ती गेली," कुसुम म्हणाली. "आम्ही अडीच वर्षांच्या असताना. ओढ्यात बुडाली."

"कांजिण्यांचं वण तवा मिटलं हुतं," आई सावकाश बोलायला लागली. "दोघी हुबेहूब. मलाबी वळखू यायच्या न्हाईत. पान्यातनं काढली तवा अंगात सुमीचा हिरवा झगा हुता. म्हनून आमी म्हनलं, सुमी गेली. आन ही भ्यालेली. सहा म्हैनं त्वांडातनं सबुद न्हाई. नाव इचारलं तर नुसती बघायची."

कधीकधी कांजिण्या इतक्या सौम्य येतात की घरात कुणाला कळतही नाही, हे मला सांगायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण आई उठली होती. तिनं मुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"सुमे," ती म्हणाली, "लई दुखतंय व्हय गं?"

आणि कुसुम म्हणाली, "व्हय, आई."