हाताचा गुण

ऐंशी सालानंतरची काही वर्षं मी बेळगावच्या एका कॉलेजात पांढऱ्या उंदरांना उदास करण्याचं काम केलं. घरी आप्पा, माझे वडील, विचारायचे, "माणसं कमी पडली व्हय गं?"

उंदराला काचेच्या उभ्या भांड्यात, पाण्यात सोडायचं. सुटका नाही हे उमगलं की तो हातपाय मारणं सोडतो आणि नाक तेवढं वर ठेवून तरंगतो. याला आम्ही निराशा म्हणत असू. काहींना औषध द्यायचं, मग मेंदू काढून बर्फात घालून बेंगळूरला पाठवायचा. सेरोटोनिन या रसायनाचा निरोप झेलणारे रिसेप्टर किती उरले, ते तिथं मोजत. एका डोसानं ते हलत नसत. रोज न चुकता औषध दिलं, तर तिसऱ्या आठवड्यात कुठं कमी झालेले दिसत; म्हणजे औषध लागू पडलं.

त्याच दिवसांत निपाणीत माझी आक्का अंथरूण धरून होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती बोलेनाशी झाली. वाढलेल्या ताटाकडं नुसती बघत बसायची. डॉक्टरांनी तिला आमच्या उंदरांचंच औषध दिलं होतं. पण आमच्याकडं गुण औषधाला नसतो, डॉक्टरच्या हाताला असतो. चार दिवसांत फरक दिसला नाही की आई म्हणायची, "ह्येच्या हाताला गुण न्हाय. दुसरा बघू." दुसरा पहिल्याच्या गोळ्या बंद करी आणि आपल्या सुरू करी. मग तिसरा. माझ्या उंदरांचं नशीब बरं, त्यांना आई नव्हती.

शेवटी भांडून मी आक्काला बेळगावात, खासबागेतल्या माझ्या खोलीवर आणलं. रोज समोर बसून तीच पहिली गोळी दिली. दुसरा आठवडा सरत आला तेव्हा ती एका सकाळी म्हणाली, "चहात साखर कमी हाय गं." तिची ती कुरकुर ऐकून मला रडूच फुटलं.

त्याच दुपारी आई आणि दाजी आले. पलीकडच्या गावात कुणी डॉक्टर होता, हाताला लई गुण असलेला.

"आई, अजून आठ दिस थांब. उंदरालाबी तीन आठवडं देतो आम्ही."

"माझी लेक उंदीर हाय व्हय गं?"

दाजींनी पिशवी उचलली. आक्का मुकाट उठली.

नव्या डॉक्टरनं जुन्या गोळ्या थांबवल्या. थोड्याच दिवसांत आक्कानं विहिरीत जीव दिला.

दिवसकार्य उरकल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "तुझ्याकडं अजून आठ दिस ठेवली असती, तर उठली असती का गं?"

मला तिचा भयंकर राग आला होता. "व्हय" म्हणून तो शब्द तिच्या तोंडावर फेकावा, असं वाटत होतं.

"न्हाय आई," मी म्हणाले, "न्हाय उठली असती."