काळूरामने मारलेलं बूच

१९३५ साली अलिबागेत मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यात लहान मोटार डॉक्टरांची. दोन दारं, चार माणसं बसली की पाचव्याने बाहेर राहायचं. मुंबईच्या कुणा साहेबाने सात-आठ वर्षं वापरून ती विकायला काढली, डॉक्टरांनी ती घेतली आणि शिडाच्या पडावातून आणवली. गावाने तिचं नाव 'डॉक्टरांची टोपली' ठेवलं होतं. या टोपलीबरोबर मुंबईहून एक माणूस आला होता, तो काळूराम. खरं सांगायचं तर त्या व्यवहारात डॉक्टरांना गाडी बेताची मिळाली आणि माणूस मात्र लाखातला मिळाला.

काळूराम मूळचा पोयनाडपलीकडच्या खारबोरीचा, आगरी घरातला. खाडीच्या चिखलात वाढलेला, काळासावळा, बोलायला कमी. दहा वर्षं मुंबईत एका गॅरेजमध्ये मोटारी धुता धुता तो त्या चालवायला शिकला, मग उघडायला शिकला. अलिबागेत डॉक्टरांच्या परसातल्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको ठमाबाई राहत. खारबोरी तिथून जेमतेम बारा मैल. पण काळूराम चौदा वर्षं गावी गेला नव्हता. ठमाबाई गौरीला एकटी जाई आणि एकटीच परत येई.

कारण सगळ्या खारबोरीला ठाऊक होतं. त्या गावची भातशेती म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. मध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधात एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला दार पाडायचं, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला उचलायचं, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. बांध घराघरांत वाटून दिलेला असतो आणि वैशाखात एक दिवस सगळं गाव उतरून आपापला वाटा माती थापून भक्कम करतं. १९२१च्या श्रावणात, अमावास्येच्या भरतीला, भर दुपारी तो बांध फुटला. फुटला तो काळूरामच्या थोरल्या भावाच्या, हिरामणच्या वाट्याचा कोपरा. शेतांत खारं पाणी शिरलं आणि तीन वर्षं भाताचा दाणा पिकला नाही.

त्या साली उघाडीवर राखणीला काळूराम होता. पंचांनी त्याला विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला की कोपरा कच्चा असंल. हिरामण म्हणाला, मी माती चोख मारली होती. पण ज्याचा वाटा फुटतो त्याने पुन्हा बांधाला हात लावायचा नाही, अशी खारबोरीची रीत. त्याचा वाटा मग इतर घरं थापतात. तेव्हापासून दर वैशाखात हिरामण रिकाम्या हातांनी बांधाच्या कडेला उभा राहत असे, आणि त्याच्या कोपऱ्यावर दुसरेच लोक माती टाकत. घरी बसला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं, पण तो येऊन उभा राहायचा. काळूराम त्याच वर्षी मुंबईला निघून गेला. भावाभावांत तेव्हापासून शब्द नव्हता.

हे सगळं पोटात ठेवून माणूस गाडी हाकत होता. आणि गाडी होती गळकी. जिथे उभी राही तिथे तेलाचं थारोळं करी. दवाखान्यापुढे डाग, कचेरीपुढे डाग, आणि डॉक्टरांच्या अंगणात तर तुळशीपुढे काढलेली रांगोळी रोज सकाळी काळी. डॉक्टरीणबाईंनी त्या वैशाखात निक्षून सांगितलं की अंगणात एक तर तुळस राहील नाहीतर ही टोपली. डॉक्टरांनी मोठमोठ्या रोगांशी दोन हात केले होते, पण घरात त्यांचं काही चालत नसे. ते काळूरामला म्हणाले, तूच बघ बाबा.

आता याआधी एका मोटार सर्व्हिसचा फिटर दोनदा येऊन गेला होता. त्याने काय केलं, तर खाली वाकून थेंब जिथून पडतो तिथले नट करकचून आवळले, चहा प्याला आणि गेला. गळती वाढली. अशा कारागिरांचा मला राग येतो. डोळ्यांसमोर थेंब दिसतो म्हणून तिथेच भोक असणार, हे समजायला फिटर कशाला हवा? काळूरामला बांधावर लहानपणीच कळलं होतं की पाणी जिथे झिरपताना दिसतं तिथे ते शिरलेलं नसतं. खेकड्याने भोक पाडलेलं असतं वर, दुसरीकडेच, आणि पाणी आतल्या आत वाट काढत खाली येतं. तेलाला तरी वेगळी अक्कल कुठून येणार?

त्याने आधी इंजिन न्हाऊ घातलं. रॉकेलमध्ये नारळाचं सोडण बुडवून सांदीकोपऱ्यांतली वर्षानुवर्षांची काळी खरड काढली, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून उन्हात वाळवलं. मग ठमाबाईकडे तांदळाचं बारीक पीठ मागितलं. तिने कपाळाला हात लावला. पण दिलं. फडक्याच्या पुरचुंडीतून त्याने ते पीठ इंजिनावर भुरभुर उडवलं, इतकं की ते लोखंड पांढरंफेक झालं. गाडी सुरू केली, पाव तास तशीच चालू ठेवली आणि उकिडवा बसून नुसता बघत राहिला. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ उमटली ती वरच्या बाजूच्या झाकणाखाली. दुसरी खाली, तेल काढायच्या स्क्रूपाशी. थेंब पडायचा ती जागा शेवटपर्यंत कोरडी होती.

त्यानंतरचे तीन दिवस बघण्यासारखे होते. झाकण काढून त्याने त्याखालची कुजलेली पट्टी खरवडली. नवी पट्टी मुंबईहून यायला आठवडा लागला असता, म्हणून डॉक्टरांच्या जुन्या वहीचा जाड पुठ्ठा घेतला, झाकणाची कड त्यावर ठेवून हातोडीने हळूहळू ठोकत ठसा उमटवला, कात्रीने कापला आणि रात्रभर जवसाच्या तेलात भिजत घातला. स्क्रू बसवताना एकच एक आवळून टाकला नाही. या टोकाचा थोडा, समोरच्याचा थोडा, पुन्हा या बाजूचा, असं फिरत फिरत सगळे सारखे बसवले. खालच्या स्क्रूचा तांब्याचा वायसर, म्हणजे चकती, दबून निबर झाला होता, तो ठमाबाईच्या चुलीत लाल करून पाण्यात टाकला, म्हणजे तो पुन्हा मऊ होऊन चपखल बसतो. डॉक्टर रोग्यांच्या मधल्या वेळात बाहेर येऊन बघत आणि काही न बोलता आत जात. आपल्यापेक्षा बरा हात बघितला की शहाणा माणूस गप्प बसतो.

चौथ्या दिवशी पुन्हा पीठ उडवलं, गाडी चालवली, आणि सगळं पांढरंच्या पांढरं राहिलं. फक्त एक जागा उरली. इंजिनाच्या बाजूला बोटाएवढी एक वाकडी नळी होती, तिच्या तोंडातून थोडी वाफ येई आणि मधूनच एखादा थेंब टपके. काळूरामला तेवढाही थेंब सहन होईना. त्याने दवाखान्यातून औषधाच्या बाटलीचं एक चांगलं बूच आणलं, चाकूने तासून नळीत घट्ट ठोकलं आणि वरून तारेने आवळलं. भोक म्हणजे भोक, ते बुजवायचं, हेच बांधावरच्या माणसाला ठाऊक. त्या रात्री अंगणात एक थेंबही पडला नाही. सकाळी डॉक्टरीणबाईंनी रांगोळी काढली आणि काळूरामला आपणहून चहा पाठवला.

त्याच दिवशी डॉक्टरांना पोयनाडला एका बाळंतिणीकडे जायचं होतं. जाताना गाडी छान गेली. बाळंतीण सुखरूप होती. परतीला तीन मैल झाले असतील, तोच जळक्या तेलाचा भपकारा आला. काळूरामने गाडी कडेला घेऊन इंजिनावरचा पत्रा उचलला आणि बघतच राहिला. ज्या झाकणाला त्याने तीन दिवस दिले होते त्याच्या चारही बाजूंनी तेल पाझरत होतं. पुठ्ठ्याची पट्टी एका जागी बाहेर ढकलली गेली होती. पुढच्या बाजूने, मागच्या बाजूने, जिथे कधी गळलं नव्हतं तिथूनही तेल येत होतं.

त्याने तार सोडवली आणि बुचाला हात घातला. बूच जेमतेम सैल झालं तोच फट् करून उडालं आणि शेजारच्या शेतात जाऊन पडलं. नळीतून फुसकारा आला. मग सगळीकडचं पाझरणं हळूहळू थांबलं.

काळूरामने नळीच्या तोंडाशी हात धरला, वाफ अजून येत होती. मग रस्त्याकडेच्या दगडावर बसला. डॉक्टर खाली उतरले, काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सायेब, ही नली इंजनाची उगाडी हाय. मी ती बुजवली."

डॉक्टरांना ही उपमा इतकी आवडली की ते मोठ्याने हसले. त्यांनी सांगितलं की जुन्या इंजिनात आतल्या आत वाफ कोंडते, तिला बाहेर पडायला वाट लागतेच. काळूराम हसला नाही. त्याला १९२१ची ती दुपार दिसत होती. आदल्या भरतीला खाडी इतकी चढली होती की तो घाबरला आणि दार पाडून त्याने वर पाचर ठोकली. मग ओहोटी लागली, दार उचलायची वेळ झाली, पण पुढची भरती याहून मोठी येणार या धसक्याने त्याने पाचर काढलीच नाही. वरून पाऊस कोसळत होता. शेतातलं पाणी तुंबत गेलं, आणि खाडी बाहेरून पुरती चढायच्या आधी बांध आतून फुटला. आणि हेही आठवलं की फुटलेल्या कोपऱ्याची ढेकळं खाडीच्या बाजूला पडली होती. खाडीने बांध फोडला असता तर ती शेतात पडायला हवी होती. ती त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. बघितली होती आणि त्यांचा अर्थ लावायचं चौदा वर्षं टाळलं होतं.

गाडी पुसून, डब्यातलं तेल घालून त्याने डॉक्टरांना घरी आणलं. पट्टी नव्याने बसवली. नळीखाली मलमाची एक रिकामी डबी तारेने टांगली, तिच्यात दिवसाला चार थेंब पडत. त्यावर डॉक्टरीणबाईंचंही समाधान झालं. संध्याकाळी त्याने ठमाबाईला सगळं सांगितलं. ती चूल फुंकत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मंग मना काय सांगता? ज्याला सांगाचं त्याला सांगा."

चूक कबूल करणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. बहुतेक जण दार लावून, कानाशी लागून कबूल करतात, आणि वर समोरच्याला बजावतात की हे इथेच राहू दे. चौदा वर्षांनी तर कुणी विचारायलाही येत नव्हतं. काळूरामने काहीच केलं नसतं तरी त्याचं कुठे अडलं नसतं. म्हणून मला त्याचं कौतुक त्या पिठाच्या युक्तीइतकंच, किंबहुना जास्त, पुढच्या गोष्टीचं वाटतं.

खारबोरीच्या बांधाचा दिवस चार दिवसांवर होता. काळूरामने डॉक्टरांकडे सुटी मागितली. डॉक्टर गाडी घेऊन जा म्हणाले, पण तो बारा मैल चालत गेला. पोहोचला तेव्हा सगळं गाव बांधावर होतं. बाया टोपल्या भरून चिखल देत होत्या, पुरुष थापत होते. कोपऱ्यापाशी हिरामण उभा होता, केस पांढरे झालेले, हात मागे बांधलेले. काळूरामला बघून लोकांचे हात थांबले. तो भावाकडे गेला नाही. आधी बांधावर चढून पंचांपुढे, म्हाताऱ्या धर्माजीपुढे उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"हिरामनचा कोपरा कच्चा नव्हता. वहोटीला उगाडी मी उगडली न्हाय, भ्यालो. पानी आत तुंबलं आन् बांध आतून फुटला. ढेकलं खाडीच्या बाजूला पडली व्हती, ती मी बगितली व्हती. तेचा काय बी दोष न्हाय. दोष माजा हाय."

तीन वर्षांचं भात गेलं होतं, काही घरं त्या पायी मुंबईला गेली होती. एक-दोघांनी शिव्या दिल्या, काळूरामने त्या खाली मान घालून ऐकल्या. धर्माजीने त्या कोपऱ्याकडे बघितलं, मग हिरामणकडे, आणि म्हणाला की रीत ती रीत, पण ज्याचा वाटा कच्चा नव्हताच त्याला ती लागू कशी? त्याने शेजारच्या बाईच्या हातातली टोपली घेतली आणि हिरामणपुढे ठेवली.

हिरामणने हात पुढे घेतले. चौदा वर्षांनी त्याने चिखलात हात घातला, गोळा उचलला आणि आपल्या कोपऱ्यावर मारला. मग दुसरा. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

काम संपत आलं तसा उघाडीचा प्रश्न निघाला, या पावसाळ्यात राखणीला कोण. धर्माजीने दोन नावं घेतली. काळूराम बाजूला झाला आणि निघायला म्हणून चपला शोधू लागला. उघाडीजवळ आपण पुन्हा फिरकायचं नाही, हे तो मनाशी ठरवून आला होता.

हिरामणने चिखलातून मान वर केली. दिवसभरात तो पहिल्यांदाच बोलला, आणि तेही भावाकडे न बघता, पंचांना उद्देशून.

"अवसेच्या भरतीला कालूलाच बोलवा. आता तो उगाडी बंद ठेवाचा न्हाय."

एवढं बोलून त्याने पुन्हा माती थापायला घेतली. काळूराम चपला तिथेच ठेवून बांधावरून उघाडीपर्यंत चालत गेला. खाली पाणी उतरत होतं. त्याने दार दोन्ही हातांनी उचललं, खाचेत नीट अडकवलं आणि उघडं ठेवून तिथेच बसला.