टकळीने सांगितलेला सिनेमा

थोरल्या मुलाची दृष्टी लहानपणच्या तापात गेली आणि धाकटी मुलगी बोलायला लागली ती थांबेचना. खिडकीत बसून ती भावाला रस्ता सांगायची. शिंप्याने मशीन दारात आणलं, कुणाची तरी छत्री वाऱ्याने उलटी झाली, समोरचे दोघे भांडतायत आणि चूक त्या जाड्याचीच आहे.

“चूक कुणाची ते माझं मी ठरवीन,” दादा म्हणायचा, “तू नुसतं काय दिसतंय ते सांग.”

घरात तिचं नाव टकळी पडलं ते कायमचं.

जिभेवरच तिने पोट भरलं. बस स्थानकाच्या खोलीत बसून तिने वर्षानुवर्षं गाड्या पुकारल्या. पुढे तिथे यंत्र आलं. यंत्राचा घसा बसत नाही, रजाही मागत नाही. टकळीने आठवडाभर यंत्राला शिव्या घातल्या आणि एका स्टुडिओत नोकरी धरली. दोन संवादांच्या मधल्या फटीत पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं, म्हणजे न दिसणाऱ्यांना सिनेमा कळतो, असं ते काम. प्रेमकथा, रडारड, लग्नं, खून, सगळं तिने निभावलं होतं.

मग तो सिनेमा आला. स्टुडिओतल्या दोघांनी तो बघून आधीच हात टेकले होते. त्यातला नायक पुलांची देखभाल करणारा इंजिनिअर. एक टोळी शहरातले पूल पाडत सुटते आणि नायकाला वेळ मागे फिरवता येते. पण दर वेळी मागे जाताना त्याच्या आठवणीतलं एक माणूस पुसलं जातं. त्यात एक मारामारी अशी, की पूल कोसळत असताना नायक पुढे लढतोय आणि त्याचा वैरी उलट्या वेळेत मागे मागे येतोय.

“बघणाऱ्यांच्या डोक्यावरून जातंय,” स्टुडिओचा मालक म्हणाला. “जमेल तुला?”

“द्या इकडे,” टकळी म्हणाली.

पहिला खर्डा तिने दादाला वाचून दाखवला. वेळ का उलटली, कशी उलटली, कुणासाठी उलटली, सगळं त्यात होतं. दादाने मधेच हात वर केला.

“टकळे, गुऱ्हाळ लावलंयस. तू मला पूल दाखवत नाहीयेस, समजावतेयस.”

ती चिडली, कारण ते खरं होतं. तिने सगळं खोडलं आणि नव्याने लिहिलं. “दगड पाण्यातून वर येतात. आपापल्या जागी बसतात. पूल उठतो. वैऱ्याच्या ओठावरचं रक्त आत जातं.” दादाने खुर्चीचा हात घट्ट धरला. “पुढे?” त्याने विचारलं. टकळीला कळलं की जमलं.

घोडं अडलं ते दुसरीकडेच. शेवटाकडे नायक स्वतःच्या बायकोलाच विसरतो. सिनेमाचा सगळा जीव त्या जागी, आणि दिग्दर्शकाने तिथे नेमकं हेलिकॉप्टर घातलेलं. त्यावर ढोल. बोलायला जेमतेम एका श्वासाची जागा.

ध्वनिमुद्रणाला दिग्दर्शक स्वतः आला. हुशार माणूस, बोलायला गोड, पण हट्टी. टकळीने आडपडदा ठेवला नाही.

“तुमचा पूल लाखात एक आहे. असं मी आजवर पाहिलं नाही. पण इथे नाकापेक्षा मोती जड झालाय. बाईचं काळीज फाटतंय आणि ऐकू काय येतंय, तर पंखा.”

तो हसला. “सिनेमा पूर्ण झालाय. आता आवाज बदलता यायचा नाही. आणि तो तिला विसरला, हे तुम्ही सांगूही नका. डोळस प्रेक्षकालाही ते त्याच्या नजरेवरून ओळखावं लागतं.”

“माझ्या माणसांनी नजर कुठून आणायची?”

त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. त्याचंही चूक नव्हतं, हे टकळीला पटत होतं. गुपित फोडणं म्हणजे खेळच मोडणं. दोघांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. बायको हाक मारते, नायक वळतो, बाजूला सरकतो. टकळीने माईक ओढला. “तो तिला वाट देतो. परक्या बाईला द्यावी तशी.”

दिग्दर्शकाने क्षणभर डोळे मिटले. “हेच ठेवा,” तो म्हणाला.

न दिसणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खास खेळाला सभागृह भरलं. टकळी दादाशेजारी बसली. स्वतःचाच आवाज कानातल्या यंत्रातून ऐकताना तिला नेहमी अवघडल्यासारखं व्हायचं. पूल उठला तेव्हा दोन रांगांत शिट्ट्या वाजल्या. मधला तासभराचा पाठलाग लांबला, कुणीतरी चक्क घोरायला लागलं. मग ती जागा आली. हेलिकॉप्टर, ढोल, तिचं वाक्य. आणि मागून एका म्हातारीचा आवाज आला, “अगं बाई, विसरला की काय हिला!” कुणीही हसलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर दादाभोवती घोळका जमला.

“मारामारी झकास,” दादा म्हणाला. “बायकोपाशी तर रुमाल काढावा लागला. पण त्या टोळीला पूल पाडून मिळणार काय होतं?”

“ते मलाही कळलं नाही,” टकळी म्हणाली, “आणि मी तर चारदा पाठ केलाय.”

एक तरुण गडी हटूनच बसला की सगळं नीट कळतं, लक्ष द्यायला हवं. त्याने समजावायला घेतलं आणि तिसऱ्या वाक्यात तो स्वतःच अडकला. तेवढ्यावरून अर्धा तास वाद रंगला. दादाच्या गालांवर लाली चढली होती.

इतर थिएटरांतून तो सिनेमा लवकर उतरला. लोक म्हणाले, डोळ्यांना मेजवानी, डोक्याला ताप. टकळीने पेपरातली टीका दादाला वाचून दाखवली, बहुतेक ठिकाणी मान डोलावली, आणि पुलाला नावं ठेवणाऱ्या एकाला मात्र गाढव म्हटलं. स्टुडिओने नंतरच्या सगळ्या मारधाडी तिच्याच गळ्यात घातल्या. ती कुरकुरली, पण एकही परत केली नाही.