साडेसहा फेऱ्यांचा चोर

गरीब माणसाला चोर म्हणायला पुरावा लागत नाही, हे मी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तेंदूपत्त्याच्या फळीवर शिकलो. नागझिऱ्याच्या बाजूला आमचं गाव. बाया जंगलातून पानं आणून पुडे बांधायच्या, ते मोजून द्यायची जागा म्हणजे फळी. तिथून ठेकेदाराची छोटी लॉरी वाळलेले पुडे गोंदियाच्या बिडी गोदामात न्यायची.

पेट्रोल कुपनावर मिळायचं. एका सकाळी ठेकेदारानं भर फळीवर ड्रायव्हरला विचारलं, "इतना पेट्रोल गाडी अकेली पी गई क्या? चोर कहीं का." झाली चौकशी. लॉरीला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला.

हा तोच माणूस, जो शंभर पुड्यांवर पाच फुकट घ्यायचा आणि पुड्यात दोन पानं कमी दिसली की पुडा बाईच्या अंगावर फेकायचा. बायांचं पान न् पान मोजणाऱ्याला स्वतःच्या गाडीच्या पोटात काय आहे ते मोजावंसं कधी वाटलं नाही. आदल्या वर्षी मागचा ॲक्सल मोडला, तेव्हा त्यानंच नागपूरच्या भंगारातून एका जड लॉरीचा आणून बसवला होता. तेव्हापासून गाडी चढावर रेड्यासारखी चढायची. पण तिरोड्याच्या सपाट सडकेवर इंजिन बोंबलायचं आणि सायकलवाला पुढे निघून जायचा.

मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचो. त्याच संध्याकाळी एक जहाल पत्रक लिहून ड्रायव्हरला वाचून दाखवलं. तो म्हणाला,

"कागद राहू दे भाऊ. चाक उचलून मोज. चाकाच्या एका फेऱ्याले इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फिरते, ते त्याले दाखव. जेवढं शाफ्ट फिरन तेवढं इंजिन पळन, अन् तेवढं पेट्रोल जळन. आधीच्या ॲक्सलले चार फेरे होते."

दुसऱ्या दिवशी मी फळीवरच ठेकेदाराला गाठलं आणि चाक उचलून मोजून दाखवतो म्हणालो. "करो, करो," तो म्हणाला, "तमाशा तो देखें." मी गियर मोकळा केला, जॅक लावून मागचं एक चाक उचललं, चाकावर आणि शाफ्टवर खडूच्या खुणा केल्या आणि गाडीखाली शिरलो. एका पोरीनं चाक एकदा फिरवलं. शाफ्ट सव्वातीनदा फिरला.

ठेकेदार पोट धरून हसला. "चार से भी कम! अब बोल, नेताजी."

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. लॉरीला हात लावायची बंदी, म्हणून ड्रायव्हर दूर मोहाच्या झाडाखाली उभा होता. तो तिथूनच बोलला, "एक चाक जमिनीवर झोपून राहिलं ना भाऊ. शाफ्ट दोन्ही चाकांनी मिळून फिरते, अर्धे फेरे त्यानं खाल्ले. कायले घाई करतं? दोन्ही उचल."

दुसरं चाकही उचलून त्या बाजूला ॲक्सलखाली ओंडके रचले. दोन बायांनी दोन चाकं धरून बरोबर एक फेरा दिला. या वेळी मी गाडीखालून ओरडून मोजलं आणि बायांनी माझ्यामागून मोजलं. साडेसहा.

ठेकेदार उठला, धोतर झटकलं, "ठीक है, कल से गाडी ले जा," म्हणाला आणि निघाला. माणसाला चारचौघांत चोर म्हणायचं आणि खोटं ठरलं की धोतर झटकायचं! माझं डोकं फिरलं, पण ड्रायव्हर माझ्या आधी बोलला.

"मालक, चोर हितंच म्हटलं होतं. 'चोर नाही', ते बी हितंच म्हणा. मंग गाडी नेतो."

ठेकेदार थांबला नाही. तीन दिवस लॉरी तिथेच उभी राहिली. बाकीचे ड्रायव्हर लढाईवर गेल्यामुळे दुसरा कुणी मिळेना, पुड्यांची रास वाढत चालली. चौथ्या दिवशी तो आला आणि लॉरीकडे बघत पुटपुटला, "ये चोर नहीं है."

"ऐकू नाही आलं जी," रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

त्याला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं. तेव्हा कुठे ड्रायव्हरनं हँडल उचललं आणि गाडी सुरू करायला पुढे गेला.