प्रज्ञा बसून झोपायची

फोन आला तेव्हा माझ्या हातात सुई होती. गावातल्या समाजमंदिराच्या ओट्यावर लसीकरण चाललेलं, समोर बायका मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या, आणि नवऱ्याचा फोन. तो एवढंच म्हणाला, "प्रज्ञा गेली. आटपून ये." मी फोन पर्समध्ये टाकला आणि उरलेल्या तीन बाळांना टोचलं. गोवराच्या लशीची कुपी एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते, नाहीतर फेकावी लागते... हे कारण मी नंतर सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलंही. कामाची बाई म्हणून माझं नाव आहेच. खरं असं की ती तीन पोरं टोचून होईपर्यंत मला प्रज्ञा गेलेली नको होती. आणखी एक खरं सांगून टाकते. त्या दिवशी कामावर जायची मला गरजच नव्हती, रजा मंजूर होती. दवाखान्यात प्रज्ञाच्या आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर बसवत नव्हतं, म्हणून रजा मिळाली नाही असं खोटं सांगून मी निघून आले होते.

प्रज्ञा माझी नणंद. मी लग्न होऊन खामगावच्या या घरात आले तेव्हा ती नववीत होती आणि पहिल्याच आठवड्यात तिनं माझी नक्कल करून दाखवली होती. मी नर्स आहे, उपकेंद्रावर काम करते, बायकांना रागावणं हा माझ्या नोकरीचा अर्धा भाग आहे. कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून ती माझ्याच आवाजात विचारायची, "काऊन वं, लोहाच्या गोया गिळल्या का फेकल्या?" आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसून हसून खाली बसायच्या. मला राग यायचा आणि थोड्या वेळानं हसूही यायचं. पुढे ती शिकली, शाळेत विज्ञान शिकवायला लागली, हिवरा आश्रमाकडच्या संदेशशी तिचं लग्न झालं. संदेश कारकून, कमी बोलणारा, समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस. लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस राहिले तेव्हा तिनं पहिला फोन आईंना न करता मला केला. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

सातव्या महिन्यात ती माहेरी आली. एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली उतरली आणि पायरीवरच बसली. म्हणाली, "वहिनी, मले एवढा दम काऊन लागून राह्यला वं? पह्यले तर नोता लागत." मला कुणी असं विचारलं की माझ्या अंगात मास्तरीण संचारते. मी तिला नीट समजावलं. पोटात बाळ असलं की अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, ते सगळं फिरवायचं म्हणून हृदय जास्त जोरानं चालतं, नाडी वाढते, हृदय जरा मोठं होतं, गर्भाशयाच्या रेट्यानं किंचित वरही सरकतं. गावातल्या बायकांना सांगते तेच उदाहरण तिलाही दिलं, की विहिरीवरच्या एकाच मोटरीला आता दोन वावरांचं पाणी ओढावं लागतंय. बाळंत झालीस की दुसरं वावर बंद, मग दीड महिन्यात मोटर हळूहळू पहिल्यासारखी. ती विज्ञानाची बाई, तिला हे फार आवडलं. नंतर महिनाभर घरात कुणी काही बोललं की छातीवर हात ठेवून म्हणायची, जरा बेतानं बोला, सध्या माझं हृदय मोठं आहे. मी सांगितलेलं यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, निदान चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता आलं असतं.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी आणली आणि आईंनी मागची खोली ताब्यात घेतली. खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. आणि पोट बांधणं. आईंकडे जुन्या सुती लुगड्याचा हातभर रुंदीचा पट्टा आहे. त्यांची स्वतःची तीन बाळंतपणं त्या पट्ट्यावर झाली, माझी दोन झाली. आंघोळ झाली की बाळंतिणीला आडवं झोपवायचं आणि पट्टा ओढून असा आवळायचा की पोट पाठीला लागलं पाहिजे. नाहीतर पोट सुटतं, वारा धरतो. आणि बाळंतिणीनं बसायचं नाही, बसली की कंबर कायमची जाते. मी सरकारी नर्स, रोज बायकांना खोलीची खिडकी उघडी ठेवा म्हणून सांगणारी. घरात मात्र आईंपुढे गप्प बसले, कारण माझ्या दोन्ही वेळी मला त्या खोलीत खरंच सुख लागलं होतं.

बारा-तेरा दिवस झाले असतील. प्रज्ञा म्हणायला लागली की आडवं झालं की श्वास कोंडतो. मग कोरडा खोकला सुरू झाला. पाय सुजले. आईंना सूज बघून समाधान वाटलं, पोरीचं अंग भरून राह्यलं म्हणाल्या. खोकल्याचं खापर वाऱ्यावर फुटलं आणि खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या गेल्या. दम लागतो तो पट्टा घट्ट बसल्यामुळे, असं सगळ्यांच्या मतानं ठरलं. पट्टा सैल केला. त्या दुपारी तिला जरा मोकळं वाटलं, आणि तेवढ्या एका दुपारवर आम्ही सगळे निर्धास्त झालो. दोन दिवसांनी पुन्हा श्वास कोंडायला लागला आणि ती बसून झोपायला लागली. आम्ही खोलीबाहेर गेलो की ती हळूच उठायची, भिंतीला पाठ लावायची, पोरीला छातीवर उभी धरायची आणि तशीच डोळे मिटायची. आईंनी दोनदा पकडलं. पाठीमागची उशी काढून घेतली. मी संध्याकाळी कामावरून आले की आई माझ्याकडे तक्रार करायच्या आणि मी बाजेपाशी उभी राहून माझ्या त्या नेहमीच्या आवाजात तिला रागवायचे. नक्कल करण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता. ती मुकाट्यानं आडवी व्हायची.

पुढच्या रविवारी संदेश आला. त्यानं बायकोच्या पायावर अंगठा दाबला, तिथे खळगा पडला, आणि तो खळगा भरून यायची वाट बघत तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला की गाडी सांगतो, अकोल्याला दाखवून आणतो. आई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्याला ऐकवलं. अगदी ऐकवलं, कारण कारकुनानं मला शिकवावं हे मला सहन झालं नाही. म्हटलं, "हृदयाले जागेवर यायले दीड महिना लागते. ओल्या बाळंतिनीले गाडीत घालून हिंडवता काय तुम्ही?" तरी तो अडून बसला होता. तेव्हा प्रज्ञाच बोलली. थांबत थांबत, एकेक शब्द तोडत... "राहू द्या ना. वहिनी नर्स हाये. तिले समजत नाही का?"

माझ्या कामाची पिशवी त्याच खोलीच्या दारामागे खुंटीला असायची. तिच्यात रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, स्टेथोस्कोप होता. त्या महिन्यात मी किती गावांतल्या किती बायकांच्या नाड्या मोजल्या, ते माझ्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे. प्रज्ञाची मी एकदाही मोजली नाही. घरच्या माणसाला काय तपासायचं, असं वाटलं होतं.

चौतिसाव्या दिवशी सकाळी आंघोळीला उठवलं तर तिला उभं राहता येईना. ओठ निळे पडले होते. खामगावातून पुढे पाठवलं, मोठ्या दवाखान्यात तरण्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवलं आणि मला आत बोलावलं. किती दिवसांपासून आडवं झोपता येत नव्हतं, ते विचारलं. मी सांगितलं, तीन आठवडे. मी नर्स आहे हे कुणीतरी त्यांना आधीच सांगितलेलं होतं. त्यांनी विचारलं, "सिस्टर, बाळंतपणानंतर पायांची सूज उतरते की चढते?" मी शाळेतल्या पोरीसारखं उत्तर दिलं, उतरते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की फार थोड्या बायकांचं हृदय याच दिवसांत, बाळंतपणाच्या आगेमागे, अशक्त होत जातं. ते पहिल्यासारखं व्हायच्या ऐवजी सैल पडत जातं, आणि मग पाणी फुप्फुसात साचतं. लवकर औषध सुरू झालं तर पुष्कळ जणी सावरतात. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं, या बाईनं माझ्या कानाखाली का नाही मारली. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा गेली. तिचं वय एकतीस होतं.

पुण्यानुमोदनाला मांडवभर माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आठवणी सांगितल्या, आणि बोलता बोलता म्हणाले की अशी भावजय सगळ्यांना मिळो, सख्ख्या आईच्या वर सेवा केली. मी मान खाली घालून बसले. लोकांना ते दुःख वाटलं. संदेश समोरच होता, त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं मला आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही. दर रविवारी येतो, पोरीला घेतो, जाताना मला नमस्कार करतो.

विचारलं नाही कुणीच. उलट आईंनी सगळं स्वतःवर घेतलं. पट्टा आपण फार आवळला, त्यानं पोरीच्या छातीवर दाब आला, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात पुढे करून दाखवायच्या, या हातानं बांधला म्हणून. मला एका वाक्यात ते खोडून काढता आलं असतं. पट्ट्यानं हृदय कमजोर होत नाही हे मला माहीत होतं. पण पट्टा बाजूला सारला की मागे माझं बोलणंच उरत होतं. म्हणून सहा आठवडे मी त्या म्हातारीला तिच्या पोरीचा जीव आपण घेतला असं समजू दिलं. रोज वेळेवर त्यांना रक्तदाबाची गोळीही देत होते.

पोर आमच्याकडेच आहे. तिला आडवं टाकलं की ती निळी होईपर्यंत रडते. पाळण्यात नाही, झोळीत नाही, मांडीवर नाही. कुणीतरी भिंतीला पाठ लावून बसायचं आणि तिला छातीवर उभी धरायची, मग दोन मिनिटांत डोळे मिटतात. जवळजवळ जन्मल्यापासून तिला झोप म्हणजे एवढंच माहीत आहे. मी रजा वाढवली आणि दुपारची झोप माझ्याकडे घेतली. मागच्या खोलीत, त्याच भिंतीला टेकून, मी दोन-दोन तास बसायचे. पोरीचं डोकं माझ्या गळ्याखाली असायचं, कोमट आणि जड. इतक्या दिवसांत मला बरं वाटायचं ते तेवढा वेळच.

मागच्या आठवड्यात आई दारात आल्या. पोर माझ्या छातीवर झोपलेली. म्हणाल्या, "आडवी टाक वं तिले. वाईट सवय लागून राह्यली." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "माह्याच हातानं गेली माही लेक..." मला काय झालं सांगता येत नाही. मी म्हटलं, "आई, पट्ट्यानं काही नाही झालं. तिचं हृदय आजारी होतं. दम लागत होता तो त्याच्यानं. संदेश घेऊन जात होते, मी नाही म्हटलं." त्यांना लगेच कळलं नसावं. मी पुन्हा सांगितलं, सगळं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सुद्धा, की लवकर नेली असती तर जगली असती.

त्या रडल्या नाहीत. पुढे आल्या, वाकल्या, आणि माझ्या छातीवरून पोरीला उचललं. पोर जागी झाली, कुरकुरली. आई समोरच्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या, तिला उभी धरली, पाठीवर थोपटलं. ती झोपली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इथून पुढं तू नोको घेऊ हिले."

त्यांची कंबर गेलेली आहे, अर्धा तास बसलं तरी नंतर उठताना त्यांना धरावं लागतं. आता रोज दुपारी दोन तास त्या बसतात. मी स्वयंपाकघरात असते. पोर उठल्याचा आवाज आला की मी जाऊन आईंना उठवायला हात देते, आणि त्या तो न धरता भिंतीचा आधार घेऊन उठतात.