उस्तादांना वाहिलेली रेकॉर्ड

ओल्या वाळ्याचा वास आला की नागपुरातल्या सासरची मे महिन्यातली एक दुपार आठवते. लग्नात भावाने मला जॅझची एक रेकॉर्ड दिली होती. तिच्यात वादकाने आपल्या आधीच्या उस्तादांच्या धुना व्हायब्राफोन या वाद्याच्या धातूच्या पट्ट्यांवर वाजवल्या होत्या. रेकॉर्ड प्लेअर बैठकीत होता आणि बैठकीत सुनांनी बसायचं नव्हतं. कूलरच्या घरघरीत सगळे झोपलेले पाहून मी ती बारीक आवाजात लावली. पहिलीच धून संपत आली, तोच सासरे समोर उभे. "काय लावून राहिली, सूनबाई?" "त्यानं आपल्या गुरूंना नमस्कार केलाय," मी कशीबशी म्हणाले. त्यांनी सुई उचलली. "नमस्कार मनातल्या मनात करत जा," म्हणाले, आणि रेकॉर्ड कपाटात बंद करून किल्ली जानव्याला अडकवली. आता घरात मी एकटीच असते, तरी रेडिओ लावण्याआधी मागे वळून पाहते.