उष्टावणाची वाटी

माझ्या मुलीला जन्मतःच एक दुखणं आहे. दूध, डाळ, अंडं यांतून मिळणारं एक अमिनो आम्ल तिच्या शरीराला पचवता येत नाही. ते रक्तात साचलं की वाढत्या मेंदूची नासाडी होते. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तपासलं, म्हणून वेळेत कळलं. डॉक्टर म्हणाले, "पहिली वर्षं जपा. या वयात मेंदूचं जे नुकसान होईल ते भरून निघत नाही." औषध म्हणजे ते एक आम्ल वगळून बाकीची सगळी असलेली, उग्र वासाची पावडर. सोबत मोजून थोडंसं माझं दूध.

पुण्यात बिबवेवाडीच्या आमच्या सासरच्या घरात मात्र निदान निराळंच होतं. सून खराडीला आयटीत जाते, म्हणून पोर डब्याच्या पावडरीवर!

सहाव्या महिन्यात उष्टावण ठरलं. मामानं भरवायचं, म्हणून माझा धाकटा भाऊ वर्ध्याहून आला. साबुदाण्यात ते आम्ल नावालाच असतं, म्हणून मी तो दुधाऐवजी पाण्यात शिजवून साखर-तूप घातलं. आत्येसासूबाईंनी वाटीत डोकावून विचारलं, "आज एकादशी आहे का?"

"हिची रोजच आहे," मी म्हटलं.

त्यांनी शांतपणे चांदीच्या वाटीत शेवयांची दाट खीर आणली आणि चमचा भावाच्या हातात दिला. "एका चमच्यानं काय होतंय? आमची नाही का वाढली मुलं?"

एका चमच्यानं काही झालं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण आज एक चमचा चालला की उद्यापासून घरातला प्रत्येक जण माझ्या पाठीमागे एकेक चमचा भरवणार. दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी बाई मी. 'एवढं चालतंय' म्हणून मी ऑफिसातही कधी काही सोडलं नाही. हे तर माझं लेकरू होतं.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी ती वाटी उचलली आणि सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, तोंडाला लावून संपवली. खीर छान झाली होती, तसं सांगितलंही. कुणी हसलं नाही. भावानं साबुदाणा भरवला. पोरीनं चाटूनपुसून खाल्ला. आत्येसासूबाई न जेवता गेल्या. मला जराही वाईट वाटलं नाही.

ती आता आठवीत आहे. पावडर अजून चालूच आहे आणि ती घेण्यावरून तिची रोज माझ्याशी हुज्जतही. परवा आत्येसासूबाई म्हणाल्या, "फार उलट बोलते हो तुमची मुलगी. शब्दाला शब्द लावते."

"लावू द्या," मी म्हटलं. "त्याचसाठी तुमची खीर प्यायले होते."